भूकंप वाढलेत, की आपले कान तिखट झालेत?

केरीची लेक (सत्तरी, गोवा)

नमस्कार मंडळी. इथे नेहमी वाचत असते, धागा मात्र पहिल्यांदाच काढतेय.

गेल्या मंगळवारी दुपारी चार वाजून गेले होते. मी पडवीत सुपात तांदूळ घेऊन बसले होते, आई आत कॉटवर पडली होती. एकदम खिडकीच्या काचा थडथडल्या, मांडणीवर ओळीने लावलेले पेले एकमेकांवर वाजले आणि छपराच्या नळ्यांच्या फटीतून मातीचा बारीक चुरा माझ्या सुपात पडला. सगळं मिळून दोन सेकंद असेल नसेल. आई धडपडत बाहेर आली, माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "सदुसष्टला असंच झालं होतं."

आई ७८ वर्षांची आहे. गोवा महाराष्ट्रात जावा की नाही यावर ओपिनियन पोल झाला त्याच वर्षी, १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा ती नुकती लग्न होऊन या घरात आली होती. पहाटेच्या काळोखात गुरं दावी ओढत हंबरायला लागली, हांडे-कळशा वाजल्या आणि आजोबांनी सगळ्यांना तुळशीपाशी अंगणात आणून बसवलं, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतोय. अंजुणे धरण आमच्यापासून जवळ आहे. त्यामुळे काच वाजली की तिच्या मनात पहिल्यांदा धरणच येतं.

माझा मुलगा दिल्लीत असतो. १७ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे त्याला धक्का जाणवला, घाबरून फोन केला. पुढच्याच महिन्यात म्यानमार झालं. जुलैत रशियाच्या कामचात्काला ८.८ चा भूकंप, ऑगस्टच्या शेवटी अफगाणिस्तान. कुटुंबाच्या ग्रुपवर तर दर आठवड्याला काहीतरी येतंच. आई मला विचारते, "पृथ्वीला झालंय तरी काय?" मला उत्तर देता येत नाही. भूकंप खरंच वाढलेत का? जाणकारांनी सांगावं. तिला नुसता धीर द्यायचा नाहीये, खरं काय ते सांगायचंय.

रानवारा

ताई, माझं स्पष्ट मत सांगतो. वाढलेत. आमच्या लहानपणी भूकंप हा शब्द भूगोलाच्या पुस्तकात भेटायचा. किल्लारी झालं, भूज झालं, त्सुनामी आली, नेपाळ झालं, तुर्कस्तानात एका दिवसात दोन झाले. ही सगळी गेल्या तीसेक वर्षांतली. आपण डोंगर पोखरले, जमिनीतलं पाणी उपसलं, समुद्र तापवला. याचा काहीच परिणाम होणार नाही, असं कसं मानायचं? तज्ज्ञ म्हणतात सगळं नेहमीसारखं आहे, पण आपल्या डोळ्यांना जे दिसतं ते खोटं का?

दर्यादेग

आता फोनच सांगतो ना. अँड्रॉइड फोनमध्ये २०२३ पासून भारतातही भूकंपाची सूचना येते. सरकारचं 'भूकंप' नावाचं ॲप आहे, राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचं. ते एकदा फोनवर घेतलं की अरुणाचलात ३.१ झाला तरी फोन वाजतो. मी पहिले आठ दिवस झोपलो नव्हतो.

भूगोलाचा मास्तर (पणजी)

ताई, प्रश्न फार चांगला विचारलात. रानवारा, तुमच्या डोळ्यांना दिसतं ते खोटं नाही. ते कशामुळे दिसतं एवढंच पाहू. ३४ वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

मांडवीत जाळं टाकणाऱ्याचं उदाहरण घ्या. जाळ्याची भोकं मोठी असली तर मोठे मासे तेवढे सापडतात, बारीक निसटतात. उद्या त्याने बारीक भोकांचं जाळं घेतलं, तर टोपलीत शंभर मासे जास्त येतील. म्हणून नदीत मासे वाढले असं म्हणता येणार नाही. मग नदीतले मासे खरंच वाढलेत का, हे कसं ओळखायचं? दोन्ही जाळ्यांत हमखास सापडतात ते मोठे मासे तेवढे मोजायचे.

भूकंपमापक यंत्रांचं नेमकं हेच झालंय. १२ जून १८९७ ला आसामात महाभूकंप झाला, त्यानंतर १८९८ मध्ये कलकत्त्याला अलिपूरला आपलं पहिलं भूकंपमापन केंद्र उघडलं, पाठोपाठ मुंबईत कुलाब्याला. १९३१ मध्ये साऱ्या जगात मिळून ३५० च्या आसपास केंद्रं होती. १९६० च्या दशकात अमेरिकेने जगभर एकाच जातीच्या यंत्रांचं जाळं उभारलं, कारण त्यांना रशियाच्या अणुचाचण्या पकडायच्या होत्या. भूकंपशास्त्राचा फायदा आपसूक झाला. आज केंद्रांची संख्या हजारोंत आहे आणि वर्षाला सुमारे २०,००० भूकंपांची नोंद होते. म्हणजे रोज पन्नासहून जास्त. हे सगळे पूर्वीही होत होते, फक्त जाळ्यातून निसटत होते.

आता मोठे मासे मोजू. ७ किंवा त्याहून मोठा भूकंप जगात कुठेही झाला तरी शंभर वर्षांपूर्वीच्या यंत्रांनाही तो कळायचा. अशांची दीर्घकाळची सरासरी वर्षाला साधारण १६ आहे. त्यातला एखादाच ८ च्या वर जातो. १९८९ मध्ये ७ च्या वरचे फक्त सहा-सात झाले, २०१० मध्ये वीसच्या वर. १९८९ ला कुणी "भूकंप कमी झाले हो" म्हणून बातमी दिली नाही. २०१० ला मात्र हैतीपासून चिलीपर्यंत वर्षभर ओरड होती. खरं तर ही वरखाली नेहमीची आहे. सोंगट्या खेळताना लागोपाठ तीन वेळा सहा पडतात तेव्हा फाशाला काही झालेलं नसतं. २००४ ते २०१२ या काळात ८ च्या वरचे बरेच भूकंप एकापाठोपाठ झाले, तेव्हा शास्त्रज्ञांनाही ही शंका आली होती. मागाहून येणारे धक्के वगळून त्यांनी हिशेब तपासला, तेव्हा ती गर्दी निव्वळ योगायोगाने होऊ शकते तेवढीच निघाली.

आणखी एक गोष्ट आईंना जरूर सांगा. बातमीचा आकार आणि भूकंपाचा आकार यांचा काही संबंध नसतो. रिश्टरच्या एका अंकामागे ऊर्जा सुमारे ३२ पट होते. दिल्लीचा भूकंप ४.० चा, कामचात्काचा ८.८ चा. म्हणजे कामचात्काची ऊर्जा दिल्लीच्या दीड कोटी पटींहून जास्त. पण दिल्लीचा धक्का शहराच्या खालीच, जेमतेम ५ किलोमीटर खोलीवर होता, लोक पहाटे उठून रस्त्यावर आले, म्हणून दोन दिवस तेच चाललं होतं. कामचात्काला जीवितहानी नगण्य. उलट अफगाणिस्तानचा भूकंप फक्त ६.० चा आणि त्यात दोन हजारांहून जास्त माणसं गेली, कारण डोंगरउतारावर माती-दगडाची घरं आणि रात्रीची वेळ.

म्हणून माझं उत्तर असं, की मोठे भूकंप वाढलेले नाहीत. वाढलेत ते ऐकणारे कान. आणि जमिनीवर उभी असलेली घरं वाढलीत. ही घरांची गोष्ट मला जास्त छळते, पण त्यावर कुणी बांधकामातल्या माणसाने लिहावं.

केरीची लेक

सर, जाळ्याची गोष्ट आईला सांगितली. लगेच कळली. म्हणाली, "मग धरणाचं काय?"

रानवारा

मास्तर, मान्य. मोठ्या भूकंपांचा हिशेब पटला. पण ताईंच्या आईंचा प्रश्न उरतोच. कोयनेत धरण बांधलं आणि भूकंप आले, हे तर सगळं जग मानतं. मग माणसामुळे भूकंप वाढतात हे खरंच की.

कोयनाकाठ (पाटणची लेक, डिचोलीची सून)

रानवारा दादांचा मुद्दा बरोबर आहे. माझं माहेर पाटण तालुक्यात, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या खालच्या अंगाला. आमच्याकडे भूकंपाला भूकंप म्हणतच नाहीत. "रात्री हादरा झाला का गं?" असं पाणवठ्यावर विचारतात, पाऊस पडला का विचारावं तसं. किती मोठा ते ओळखायची आमच्या आजीची रीत ठरलेली होती. नुसतीच मांडणी वाजली तर कूस बदलून झोपायचं. शिंक्यातलं गाडगं झुलायला लागलं तर उठून बसायचं. आणि आधी जमिनीतून ट्रक जवळ यावा तशी घरघर आली, तर काही न बघता पोरांना घेऊन बाहेर. ती घरघर मी स्वतः ऐकलीय. अजूनही घाटात रात्री जड गाडी चढताना ऐकली की माझे पाय आपोआप जमिनीवर येतात.

आजी सांगायची, धरणाआधी हे नव्हतं. १९६२ ला पाणी अडवायला सुरुवात झाली आणि थोड्याच काळात बारीक हादरे सुरू झाले. सुरुवातीला लोकांना वाटलं बोगद्यात सुरुंग उडवतायत. मग ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ चा झाला. १८० च्या आसपास माणसं गेली. कोयनानगरातली बहुतेक घरं बसली. धरणाला भेगा गेल्या, पण धरण उभं राहिलं, मग त्याला मागून काँक्रीटचा आधार देऊन मजबूत केलं. आईंना हे मुद्दाम सांगा. सगळ्या जगात धरणाच्या पाण्यामुळे झालेला सगळ्यात मोठा म्हणून नोंदलेला भूकंप तो, आणि तो थेट धरणाजवळ होऊनही धरण फुटलं नाही.

तेव्हापासून आजपर्यंत ते थांबलेलं नाही. ५ च्या वरचे वीसहून जास्त झालेत. पावसाळ्यात जलाशय भरला की पुढच्या काही महिन्यांत हादरे वाढतात, हे आमच्या माणसांना शास्त्रज्ञांच्या आधीपासून माहीत होतं. आता कऱ्हाडजवळ त्यासाठी खास प्रयोगशाळा आहे, कोयनेच्या भागात ३ किलोमीटर खोल भोक पाडून खडकात काय चाललंय ते बघितलं. म्हणजे एका जागी, एका कारणाने भूकंप खरंच वाढले. जगाचा आकडा त्याने हलला नाही, पण आमची झोप गेली ती गेलीच. "वाढलेत का" म्हणून विचारलं की आधी "कुठे" ते विचारायला हवं, असं मला वाटतं.

भूगोलाचा मास्तर

ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी माझ्या उत्तरात घालायला हवं होतं.

तसंच पालघरचं. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या गावांत हादऱ्यांची झुंडच सुरू झाली, लोक थंडीत तंबूत झोपले. आधी आसपास पुरेशी यंत्रं नव्हती, ती नेऊन बसवल्यावर आकडा हजारांत गेला. तिथे दोन्ही गोष्टी एकदम झाल्या, हादरे खरंच वाढले आणि जाळंही बारीक झालं. अमेरिकेच्या ओक्लाहोमात तेलविहिरींचं सांडपाणी खोल जमिनीत दाबायला लागले, तेव्हा वर्षाला एखाद-दुसरा होणारा ३ च्या वरचा भूकंप २०१५ मध्ये सुमारे ९०० वर गेला. पाणी दाबण्यावर बंधनं आणल्यावर खाली आला.

अंजुण्याबद्दल. जगात धरणं हजारोंनी आहेत, त्यातली फार थोडी भूकंपाला निमित्त झाली. खाली आधीच ताणलेली, सुटायच्या बेतात असलेली भेग हवी. पाणी फक्त शेवटचा धक्का देतं, मूळ ताण जमिनीचाच. शिवाय कोयना जलाशय अवाढव्य आणि धरण १०३ मीटर उंच. प्रत्येक धरणाला कोयना समजू नये.

उमरग्याचा (आता फोंडा)

बरेच दिवस लिहावं की नको करत होतो.

३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. मी नववीत होतो. आदल्या रात्री गणपती बोळवून आलो होतो, गुलाल कानात तसाच होता. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालं. आमचं उमरगा वाचलं म्हणायचं, घरं तडकली, पण उभी राहिली. सास्तूरला माझी मावशी होती. आम्ही दुपारी बैलगाडीने पोचलो, तेव्हा गल्ली कुठली ते ओळखू येत नव्हतं. गावच नव्हतं, दगडांचा ढीग होता आणि पाऊस लागला होता.

घरं कशी होती ते लिहितो, कारण तेच महत्त्वाचं आहे. भिंती दोन-अडीच फूट जाड. बाहेरून बघितलं तर भक्कम वाडा. पण भिंत एकसंध नसायचीच. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक थर, आतल्या अंगाला एक, मध्ये चिपा आणि माती भरलेली. दोन्ही थरांना धरून ठेवणारा लांब दगड गवंडी घालत नव्हते. वर माळवद, लाकडी पाट्यांवर फूट-दोन फूट माती. उन्हाळ्यात घर थंड राहावं म्हणून दर वर्षी मातीचा थर चढायचा. हादरा बसला, भिंतीचे दोन पदर सुटे झाले आणि ती सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंप ६.२ च्या आसपासचा होता. ६ ते ७ च्या मधले असे जगात वर्षाला शंभराहून जास्त होतात, बहुतेकांची बातमीही येत नाही.

आणि एक. आमच्या भागात वर्षभर आधीपासून बारीक हादरे येत होते. लोकांनी अर्ज केले होते. तेव्हाच्या सरकारी नकाशात आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. म्हणून "वाढलेत की नाही" या प्रश्नावर मी एवढंच म्हणतो, आमच्याकडे एकच झाला. माझ्या मावशीला एकच पुरला.

केरीची लेक

दादा, काय लिहू कळत नाही. तुम्ही लिहिलंत हे फार मोठं आहे.

चिरेखाण (बार्देश)

मी स्थापत्य अभियंता, वीस वर्षं गोव्यात बांधकामावर. उमरग्याच्या दादांनी भिंतीबद्दल लिहिलं ते वाचून हात थांबले होते. मास्तरांनी हाक दिलीय, म्हणून लिहितो.

२००२ च्या नकाशाप्रमाणे गोवा तिसऱ्या पट्ट्यात येतो, म्हणजे मध्यम धोका. आपल्याकडची जुनी चिऱ्याची घरं किल्लारीसारखी नाहीत. चिरा एकसारखा कापलेला असतो, भिंतीच्या पूर्ण जाडीभर बसतो, वर छप्पर लाकूड आणि नळ्यांचं, म्हणजे हलकं. त्यातली कमजोरी कोपऱ्यांत आहे. घर हललं की चार भिंती चार दिशांना जायला बघतात. दारं-खिडक्यांच्या वरून लिंटेलचा काँक्रीट पट्टा घराभोवती सलग फिरवला, तर तो घराला दोरीने बांधल्यासारखा धरतो. लोक काय करतात, खर्च वाचवायला फक्त दारावर तुकडा घालतात आणि पुढे सोडून देतात. घर बांधताना हा पट्टा सलग घाला एवढं जरी इथल्या चार जणांनी लक्षात ठेवलं तरी मला बरं वाटेल.

मला खरी काळजी नव्या इमारतींची आहे. खाली सगळी गाड्यांची जागा, नुसते खांब. वर चार-पाच मजले भिंतींनी भरलेले. हादरा आला की वरचा भाग पेटीसारखा एकसंध राहतो आणि सगळं वाकणं खालच्या खांबांवर येतं. २६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला तेव्हा अहमदाबादेत अशाच इमारती बसल्या. अहमदाबाद तिथून अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे.

खांबात जीव असतो तो रिंगांमध्ये. उभ्या सळया सगळ्यांना दिसतात, त्यांभोवती बांधलेल्या पातळ रिंगा कुणी बघत नाही. काँक्रीट फुटायला लागलं की त्याला पोटाशी धरून ठेवतात त्या रिंगाच. रिंगेचं टोक खांबाच्या आत, काँक्रीटच्या पोटात वळवायचं असतं, १३५ अंशांत. बाहेरच्या अंगाला नुसतं काटकोनात वाकवलं तर हादऱ्यात वरचा थर गळला की रिंग उघडते आणि सळया केळीच्या सोपटासारख्या बाहेर येतात. तुळई खांबाला मिळते तिथे वर आणि खाली रिंगा जवळ जवळ लागतात. आणि नेमकं तिथेच हात जायला अडचण, म्हणून तिथेच कमी घातल्या जातात.

तीन वर्षांपूर्वी एका साइटवर मी स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी वर चढलो. सांध्यापाशी रिंगा हातभर अंतरावर. सळई बांधणाऱ्या पोराला विचारलं, तर म्हणाला, "साहेब, आम्हाला कुणी सांगितलंच नाही, गावाकडे आम्ही असंच करतो." त्याला राग नव्हता, मलाही त्याच्यावर नव्हता. मी त्याच्याबरोबर बसून एका खांबाच्या रिंगा वळवून दाखवल्या. पहिली त्याला जड गेली, चौथ्यापासून माझ्यापेक्षा सफाईने करायला लागला. मालकाने काम एक दिवस लांबल्याबद्दल मला पुढच्या साइटवर बोलावलं नाही. त्या इमारतीत आज वीस-बावीस कुटुंबं राहतात, मी त्या रस्त्याने गेलो की वर बघतो.

शेवटचं, जमीन. खाजनात (खाडीकाठच्या सखल खारजमिनीत), शेतात, नदीकाठी भराव टाकून आपण बांधतोय. मऊ चिखलात हादरा वाढतो. मेक्सिको शहर १९८५ मध्ये केंद्रापासून साडेतीनशे किलोमीटरवर असून उद्ध्वस्त झालं, कारण ते जुन्या तळ्याच्या गाळावर वसलंय. २०२५ च्या म्यानमारच्या भूकंपात बँकॉकचीही तीच कथा.

रानवारा

भाई, मग कोयनेचा हादरा पणजीच्या काठावरच्या इमारतींना अहमदाबादसारखा लागेल का? अंतर जवळपास तेवढंच पडतं ना?

चिरेखाण

अंतर दोनशे किलोमीटरच्या वर आहे, तुमचं बरोबर. पण भूज ७.७ चा होता. कोयनेच्या सव्वाशे पट ऊर्जा. सदुसष्टसारखा परत झाला तर पणजीत भांडी वाजतील, लोक बाहेर येतील, कच्च्या भिंतींना तडे जातील. चांगली बांधलेली इमारत पडायचं कारण नाही. मी लोकांना घाबरवायला लिहीत नाहीये. बांधणाऱ्याला प्रश्न विचारायला लोकांनी शिकावं म्हणून लिहितोय. घर घेताना फरशी कुठली ते सगळे विचारतात. रचनेचा आराखडा कुणी केला आणि काँक्रीट ओतण्याआधी सळया कुणी तपासल्या, हे मला आजवर दोनच जणांनी विचारलंय. त्यातली एक शाळेतली शिक्षिका होती.

दर्यादेग

समुद्राचंही थोडं. २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरान किनाऱ्यापाशी, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, ८ च्या वरचा भूकंप झाला होता, त्याच्या लाटा मुंबईपर्यंत पोचून माणसं गेली. आपला दर्या त्याच अरबी समुद्राचा. २००७ पासून हैदराबादहून त्सुनामीची सूचना मिळते, ही मोठी सोय झाली. पण किनाऱ्यावर उभं असताना जमीन बराच वेळ हलली किंवा पाणी एकदम आत ओढलं गेलं, तर फोनची वाट न बघता वर डोंगरीकडे चालायला लागा. आमच्या वाड्यावर आम्ही पोरांना हे सांगून ठेवलंय.

भूगोलाचा मास्तर

केरीच्या ताई, एक विचारायचं राहिलं. तुमच्या मंगळवारच्या धक्क्याची त्या ॲपवर काही नोंद सापडली का? आणि घरघर आधी आली की एकदम एकच दणका? जवळपास खडीची खाण आहे का? सुरुंगाचा हादरा एकदम येतो आणि लगेच संपतो. शिवाय सुरुंग कामाच्या वेळेतच उडतात. जमिनीला दिवस-रात्र नसते. कोयना आणि किल्लारी पहाटे झाले म्हणून भूकंप पहाटेच येतात असं लोकांना वाटतं, पण भूज सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी झाला, नेपाळ दुपारी बाराच्या सुमारास. भूकंप शास्त्रज्ञही संशयास्पद नोंदी वेळेवरून चाळतात. सगळ्या दिवसाउजेडी पडल्या तर ते सुरुंग.

केरीची लेक

सर, अगदी तेच निघालं. दहा दिवस थांबले होते, आज लिहितेय.

ॲपवर त्या दिवसाची आपल्याकडची काहीच नोंद नव्हती. मग मी एक शंभर पानी वही घेतली. काच वाजली की तारीख, वेळ, घरघर होती की दणका, एवढंच लिहायचं. दहा दिवसांत सहा नोंदी झाल्या. सगळ्या दुपारी एक ते साडेचारच्या मधल्या. रविवारी एकही नाही. टेकडीच्या पलीकडे खडीची खाण नव्याने सुरू झालीय, आमच्या वाड्यावरून सरळ रेषेत फार लांब नाही. चौघी-पाचजणी मिळून पंचायतीत गेलो, वही दाखवली. सुरुंगाची वेळ आधी कळवावी आणि घरांच्या भिंती कुणीतरी येऊन बघाव्यात, असं लेखी दिलंय. आमच्या मागच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा गेलाय, तो आधी होता की आता पडला ते सांगता येत नाही. चिरेखाण भाईंनी लिहिल्याप्रमाणे बघितलं, तर लिंटेल खिडकीवर तेवढंच आहे, सलग नाही. तड्यावर पेन्सिलीने आडवी खूण करून तारीख टाकलीय, पुढे सरकतो का ते कळेल. दिल्लीच्या मुलालाही सांगितलंय, भाड्याची खोली बघताना खाली खांबच आहेत का ते बघ.

आईला सुरुंगाचं कळल्यावर धरणाची भीती गेली, पण राग आला. वही आता तिनेच उशाशी ठेवलीय. आज मी मागे विहिरीवर होते तर आतून हाक आली, "चार वाजून दहा मिनिटं झालीत, लिही गो."